कोर्टातली तसबीर

लेकीकडे अमेरिकेला गेले होते, तेव्हा आम्ही दोघी तिच्या गावातलं जुनं कोर्ट बघायला गेलो. जिन्यापाशी शंभर वर्षांपूर्वीच्या एका वकिलाची तसबीर होती, गुबगुबीत, समाधानी चेहऱ्याची. खाली पितळी पाटीवर त्याची कारकीर्द कोरलेली. नामांकित वकील, मग राज्याचा आमदार.

फरशी पुसणारी म्हातारी माझ्याशेजारी थांबली. म्हणाली, "माझ्या आजीची तीन बोटं गिरणीच्या यंत्रात गेली. हा मालकाचा वकील. भर कोर्टात त्यानं तिला उरलेली बोटं मोठ्यानं मोजायला लावली. सात झाल्यावर म्हणाला, 'एवढी पुरतात की कामाला!' सगळे हसले. आजी खटला हरली."

"आणि हा?"

"लगेच निवडून आला."

मला त्या वकिलाहून जास्त किळस आली ती हसणाऱ्यांची. मतंही त्यांनीच दिली असणार. मग आठवलं, आमच्या ऑफिसात साहेबांनी तोतऱ्या शिपायाला सगळ्यांसमोर स्वतःचं नाव पुन्हापुन्हा सांगायला लावलं होतं. तेव्हा मीही हसले होते, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

लेक पुढून हाका मारत होती. त्या बाईकडे मात्र मला मान वर करून पाहवेना.