धाकट्याचा निरोप

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. दोन-तीनदा सांगायला बसलो आणि दुसरंच काही बोलून उठलो. म्हणून आज लिहितो आहे.

महायुद्ध संपून तीन-चार वर्षं झाली होती. मला नुकती सनद मिळाली होती, आणि सोलापुरात मंदी होती. गिरण्यांची एक पाळी बंद. व्यापारी आपले तंटे पेढीवरच मिटवत. कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत आम्ही सात-आठ नवे वकील सकाळी इस्त्रीचे कोट घालून बसायचो आणि संध्याकाळी ते तसेच, न चुरगळलेले, घरी न्यायचो. दारातून पट्टेवाला वकिलांची नावं पुकारी. आमचं नाव सहसा नसे. "पानाचा विडा देऊन एकदा तरी पुकारायला सांगू या की," असं एक जण म्हणे, आणि आम्ही हसायचो. करमाळ्याला माझ्या वडिलांनी मात्र गावभर सांगून ठेवलं होतं — पोराची वकिली जोरात चालली आहे.

माझ्याकडे एकच दावा होता. बिराप्पा म्हणून मोहोळकडचा म्हातारा मेंढपाळ. धाकट्या भावानं, मायाप्पानं, सामाईक विहिरीवरची त्याची पाण्याची पाळी बंद केली होती. तारखेला तो दीड दिवस चालत यायचा. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधून आणायचा आणि निम्मी मला द्यायचा. दोघे भाऊ कोर्टाच्या ओसरीत दोन टोकांना उभे राहत. दावा चालू आहे तोवर भावाशी एक शब्द बोलायचा नाही, असं मीच बजावलं होतं. वकील बजावतातच. पण तो ते किती पाळील, हे मला कुठं ठाऊक होतं?

दर वेळी तो विचारी, "धाकल्यानं काय निरोप धाडलाय का, सायेब?"

आता सांगतो. निरोप आला होता.

तिसऱ्या तारखेला मायाप्पाच्या वकिलांनी मला जिन्यात गाठलं. वयानं मोठे, सरळ गृहस्थ. म्हणाले, पाणी निम्मं-निम्मं करू, दावा काढून घ्या. आणि धाकटा म्हणतो, दादानं घरी जेवायला यावं. तुमच्या अशिलाला विचारून सांगा.

मी विचारलं नाही. दावा मिटला असता, तर मला कोणी पुकारलं असतं? पुढच्या तारखेला त्यांना सांगितलं — नको म्हणतो. आणि त्याच दुपारी, बिराप्पाची भाकरी खाताना, बिराप्पाला सांगितलं — नाही, काही निरोप नाही.

"न्हाय तर न्हाय," तो म्हणाला, आणि चटणी माझ्याकडे सरकवली.

असं वर्षभर चाललं. तो विचारी, मी नाही म्हणे. पहिल्यांदा जड गेलं. नंतर — नंतर जड जात नव्हतं, हेच मला लिहायचं होतं.

मग एका तारखेला तो डोकं भादरून आला. आठ दिवसांपूर्वी मायाप्पा तापानं गेला होता. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? मयताचे वारस दाखल करायला हवेत. म्हणजे आणखी तारखा.

बिराप्पा माझ्याशेजारी बाकावर बसला. बराच वेळ टोपी हातात फिरवत होता.

"माज्याच पाठीवरचा," तो म्हणाला. "लई हट्टी. पर येक डाव निरोप धाडला असता, तर समदी हीर सोडली असती की म्या, सायेब."

तेव्हा सांगता आलं असतं. तो माझ्या शेजारी होता, खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

त्यानं फडकं सोडलं आणि निम्मी भाकरी माझ्या हातात दिली. तेवढ्यात दारातून पुकारा झाला. माझंच नाव होतं.

मी भाकरी बाकावर ठेवली, कोट सारखा केला, आत गेलो आणि पुढची तारीख मागितली. ती मिळाली.