डाव्या टोकाचा रोझेल

रोझेल टार्पली आमच्या कुंपणावरून उड्या मारायचा, तेव्हापासून मी त्याला ओळखते. पुढे तो अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या संघात गेला, टीव्हीवर दिसायला लागला. पण जॉर्जियातल्या आमच्या या भुईमुगाच्या गावात आला, की त्याची गाडी आधी आईच्या, मिस इमोजीनच्या दारात थांबायची आणि थोड्याच वेळात माझ्या स्वयंपाकघरात केकची चौकशी सुरू व्हायची. जेवायला बसताना उजवीकडे भिंत असलेली खुर्ची धरायचा. चर्चमध्येही बाकाचं उजवं टोक. पाय पसरायला जागा लागते, म्हणायचा. माणूसच एवढा दांडगा, की आम्हाला ते पटायचं.

मैदानावर मात्र त्याची जागा बचावफळीच्या डाव्या टोकाला. काम एकच. चेंडू हलला, की समोरच्या धिप्पाड गड्याला चुकवायचं आणि चेंडू फेकणाऱ्याला आडवं करायचं. चेंडूच्या आधी पाय हलला तर दंड. म्हणूनच फेकणारे चेंडू हलायच्या आधीच मुद्दाम खोट्या आरोळ्या ठोकतात, मध्येच आवाज चढवतात, आणि भलेभले उसळून दंड भरतात. रोझेल कधी फसला नाही. टीव्हीवरचे लोक त्याच्या संयमाचे गोडवे गायचे. इमोजीन त्याचं श्रेय आपल्या हाताला द्यायची. लहानपणी हाक मारली तरी ढिम्म न हलणाऱ्या या पोराला तिनं पीचच्या झाडाच्या फांदीनं वळण लावलं होतं.

एका वर्षी नव्या प्रशिक्षकानं त्याला उजव्या टोकाला हलवलं. त्या बाजूला फेकणाऱ्याची पाठ असते, त्यामुळे नाव जास्त, मान जास्त. पहिल्याच सामन्यात रोझेल पुन्हा पुन्हा चेंडूच्या आधी सुटला. लगेच त्यानं प्रशिक्षकाला सांगून टाकलं, माझी जागा द्या, नाहीतर मला घरी पाठवा. कारण विचारलं तर सांगेना. वर्तमानपत्रांनी त्याला माजोरडा ठरवलं, आणि आमच्या न्हाव्याच्या दुकानातही त्याची बाजू घेणारं कुणी उरलं नाही.

त्याच वर्षी त्याच्या बायकोचं, लेनोराचं, मूल पोटातच गेलं. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं असताना ती त्याचा सामना बघायला विमानानं गेली होती. कित्येक वर्षांनी माझ्या ओसरीवर शेंगा सोलता सोलता तिनं मला पुढचं सांगितलं. एरवी गाडी तीच चालवायची, त्याला शेजारी बसायला आवडायचं. त्या दिवशी दवाखान्यातून येताना तिच्यात त्राण नव्हतं, म्हणून डावीकडचं चाक त्याच्या हातात होतं.

"मी विचारलं, तू मला दोष देतोस का? फक्त एवढंच," लेनोरा म्हणाली. "त्यानं मानसुद्धा वळवली नाही. सरळ रस्त्याकडे बघत राहिला. उत्तर मिळालं मला."

पुन्हा तिनं विचारलं नाही, आणि त्याच्या गाडीचं चाकही कधी धरलं नाही. घरात राहायची ती एखाद्या सभ्य पाहुणीसारखी. रोझेल खेळातून निवृत्त होऊन गावी आला, तेव्हा तिचं ठरलं होतं. शाळेच्या मैदानाला त्याचं नाव देण्याचा समारंभ उरकला, की मेकनला बहिणीकडे जायचं, कायमचं. त्या दिवशी ती स्वतःची गाडी घेऊन आली. डिकीत बॅगा होत्या. हे फक्त मला माहीत होतं, आणि तिला थांब म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

दुपारची वेळ. कढयांत मासे तळले जात होते. रोझेलचे शाळेतले जुने प्रशिक्षक, बिगर्स सर, माइक घेऊन उभे राहिले. वर्गात हा पोरगा बाकावर टिकत नसे, अशी त्यांनी त्याची खेचली आणि म्हणाले, "मग मैदानात एवढा दम धरायला कुठून शिकलास, ते आज सांगून टाक. आता तुला कोण दंड करणार?"

सगळे हसले. रोझेलही हसला.

"दम कसला, सर. चेंडू माझ्या उजव्या हाताला असायचा आणि माझा उजवा कान लहानपणीच तापात गेला. डाव्या कानात गर्दीचा कल्ला. तो फेकणारा काय ओरडतोय ते मला ऐकूच यायचं नाही. मी आपला चेंडू बघायचो. त्या वर्षी उजवीकडे टाकलं, तेव्हा कळलं, हे लोक किती बोलतात ते."

पुढच्या रांगेत कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. सरांचा माइक तसाच हवेत राहिला. कढईतले मासे करपल्याचा वास आला तरी कुणी उठेना. मला त्याची ती भिंतीकडची खुर्ची आठवली. इतकी वर्षं वाढलं मी त्याला.

इमोजीननं आपला उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला होता. "हाक ऐकत नाही म्हणून मारायचे मी त्याला," ती स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्यानं, "का सांगितलं नाहीस रे?"

"सांगितलं असतं तर खेळू दिलं असतंस, मम्मा?"

तिनं मान हलवली. नाही.

मी लेनोराकडे वळले. तिचा हात जागा मांडून बघत होता, आधी चाकाच्या जागी, मग शेजारच्या खुर्चीवर.

"मी त्याच्या उजवीकडे बसले होते," ती म्हणाली. "त्या दिवशी गाडीत. उजवीकडे."

भाषणं कशीबशी संपली. रोझेल त्याच्या गाडीचं दार उघडत होता. त्याच्यासाठी आणलेला केकचा डबा माझ्या हातातच राहिला होता, म्हणून मी मागून निघाले. लेनोरा माझ्यापुढे गेली आणि तिनं त्याच्यापुढे हात केला.

"चावी दे. मी चालवते. तू तिकडून बस."

त्यानं चावी दिली. दारं लागली, पण गाडी सुरू झाली नाही. काचेतून तिचे ओठ हलताना दिसले. लहानसाच प्रश्न. रोझेलला मी शिरस्त्राणाच्या जाळीआडून वाट्टेल तसं तोंड करताना पाहिलंय, पण असं कधी पाहिलं नव्हतं. आधी त्याला प्रश्नच कळला नसावा. मग त्यानं मान हलवायला सुरुवात केली. नाही, नाही. मान हलतच राहिली, लेनोरानं त्याच्या गालाला हात लावेपर्यंत.

मी डबा घेऊन तशीच मागे फिरले.

लेनोराची गाडी दुसऱ्या दिवशी चर्च सुटलं तरी शाळेच्या आवारात उभी होती, बॅगा डिकीतच.