पाझर बुजवत नसतेत

चुडाव्याच्या आमच्या घरामागे मी हौद बांधायला काढला, तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "आणि पाणी कुठून आणणार?" उन्हाळ्यात आमच्या गल्लीत प्यायच्या पाण्याची ओरड असते, त्यामुळे प्रश्न चुकीचा नव्हता. पण मला तो ऐकायचाच नव्हता. मला कमळ लावायचं होतं, आणि तेही ताबडतोब.

जिंतूरकडच्या माझ्या माहेरच्या गावात एक तळं आहे. यंदा त्यातला गाळ काढून शेतांत टाकायचं काम निघालं. काम चांगलंच, माझी तक्रार नाही. पण गाळाबरोबर कमळाचे कंदही ट्रॉलीत भरून चालले होते. भावाचा फोन आला, "ताई, उद्यापर्यंत काई राहायचं न्हाई बघ." मी सकाळच्या एसटीनं गेले, कोपरापर्यंत चिखलात हात घातले आणि सापडले तेवढे कंद पोत्यात घालून आणले. आई असताना श्रावणात आम्ही त्याच कमळाच्या पानांवर जेवायचो. आई गेली, आता तळ्यातलं कमळही गेलं. जे उरलं होतं ते माझ्या मोरीतल्या बादलीत होतं.

हौद जमिनीत कमरेएवढा खोल, सिमेंटच्या ब्लॉकचा. तळाला माती घातली, कंद लावले, वर वीतभर पाणी ठेवलं. नाण्याएवढी पानं वर आली तेव्हा मी शेजारणींना बोलावून बोलावून दाखवली. मग शेतांमागच्या कॅनॉलला पाणी सुटलं आणि नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर घरी चालत आलं. जमिनीतलं पाणी वर चढलं आणि ब्लॉकच्या सांध्यांतून हौदात शिरलं. एका रात्रीत कोवळी पानं खोल बुडाली. शिवाय ते पाणी मचूळ, शेतांतलं खत पिऊन आलेलं. कंद कुजले. एकालाच हिरवा कोंब शिल्लक होता, तो मी काढून पुन्हा बादलीत ठेवला.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं हौद उपसून भिंतींना आतून वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारलं. पाणी बाहेरून रेटतंय आणि लेप आतून, तो टिकणार कसा? त्यावर पुऱ्यांसारखे फुगे आले आणि पापुद्रे गळून पडले. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, सांधे फोडून पुन्हा भरू. पाझर पार बुजवून टाकू."

हे शब्द सासूबाईंच्या कानावर पडले. त्या तरातरा घरात गेल्या, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि ओल्या ब्लॉकला बोटं लावून त्यांनी हात जोडले. मग मिस्त्रीकडे वळल्या. "पाझर बुजवत नसतेत. हात लावून तर बघ."

मिस्त्रीनं थापी खाली ठेवली आणि तो चहा प्यायला निघून गेला. माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "आत्याबाई, कॅनॉलचं पाणी आहे ते, गंगामाई नाही! माझं कमळ मरायलंय तिकडं."

"मरू दे. कमळ काय खातेत का?"

हे मला फार लागलं. दिवसभर मी भांडी आपटत राहिले. आमच्या घरात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

संध्याकाळी मी हौदाच्या काठावर बसले होते. सासूबाई येऊन शेजारी बसल्या. माझ्याकडे न बघताच बोलायला लागल्या.

"लगीन हून आले तवा मी काडीवानी होते. म्हणून आडात मलाच सोडायचे, दोर बांधून. खाली इवलासा पाझर. वाटी भरायची, घागरीत वतायची, पुन्हा वाट बघायची. वरून बाया इचारायच्या, यायलंय का गं? मी म्हणायची, यायलंय, यायलंय. एक दिवस थेंब आला न्हाई. वर सगळ्या घागरी घिऊन हुब्या. मला सांगायची हिंमतच हुईना. यायलंय म्हणत लय वेळ बसले बघ खाली, अंधारात."

सकाळपासूनचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या आडातल्या नव्या नवरीची फार माया आली. पण कमळही मला हवंच होतं. मी त्यांचा हात धरला आणि तसंच सांगितलं, "आत्याबाई, माझ्या आईचं तेवढंच राहिलंय." त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला तो जरा बिचकतच. म्हणाला, पाणी भिंतीला टेकायच्या आधीच वळवता येईल. हौदाभोवती चर खणायचा, भिंतींना बाहेरून काळा लेप द्यायचा, चरात भोकांचा पाइप आणि खडी टाकायची, आणि सगळं पाणी कोपऱ्यात सिमेंटच्या कड्यांचा लहानसा आड करून त्यात सोडायचं.

सासूबाईंनी विचारलं, "म्हंजी बुजवायचं न्हाई? वळवायचं?"

"व्हय आजी. झाडाला वापरा, म्हशीला वापरा."

"मंग खांद की! बघायलास काय?"

त्यानंतर त्या खुर्ची टाकून तिथेच बसल्या आणि त्यांनी मिस्त्रीला जगणं नकोसं केलं. खडी धुऊन टाक, लेप पातळ झालाय, पाइपाचा उतार दाखव. मोटारीनं चर उपसत काम चाललं होतं, कारण कॅनॉल अजून वाहतच होता. इकडे बादलीतला कोंब टोकाकडून काळा पडत चालला होता. या खेपेलाही भिंतींनी दगा दिला तर पुढचा हौद बांधून मी त्यात लावणार काय होते?

चर बुजवून मोटार बंद केली त्या रात्री मला झोप लागली नाही. उजाडलं तरी मागे जायचा धीर होईना, मी दारातूनच बघत राहिले. सासूबाईच काठ धरून हौदात उतरल्या. चारही भिंतींवरून, सांध्यासांध्यांवरून त्यांनी सावकाश तळहात फिरवला. तळहात गालाला लावून बघितला. मग तोंड वर करून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "कोरडं हाय गं माय! कोरडं ठाक हाय! आण तुझ्या आईचं कमळ!"

मी बादली आणायला धावले, आणि मोरीत उभी राहून आधी पोटभर रडून घेतलं.