दोन बोटांनी निघणारी खुंटी

बीड जिल्ह्यात आजवर जेवढी म्हणून झाकणं घट्ट लागली असतील, त्यातली निम्मी आमच्या सासऱ्यांनी लावलेली आहेत, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. उरलेली निम्मी दुसऱ्यांनी लावली असतील, पण ती सासऱ्यांनी नंतर तपासलेली असणार. या माणसाचा सगळा जन्म बस आगारात चाकांचे नट आवळण्यात गेला. घरी नट नसत, म्हणून तोच हात लोणच्याच्या बरणीवर, रॉकेलच्या कॅनवर आणि तेलाच्या बाटलीवर चाले. त्यांनी लावलेलं झाकण उघडायला सासूबाई आधी पदर वापरत, मग ओलं फडकं, मग उंबरा, आणि शेवटी खुद्द सासऱ्यांनाच हाक मारत. सासरे रात्रपाळीला असले की त्या घरात लोणचं मिळत नसे. "ढिलं ठिवलं की घात झाला म्हना," ते मला समजावत. "चाकाचा एक नट ढिला ऱ्हायला, तर बसभर मानसं घाटाच्या खाली!" लोणच्याच्या बरणीत माणसं बसलेली नसतात, हे त्यांना सांगायची माझी छाती कधी झाली नाही, कारण मी जावई होतो आणि मला लोणचं हवं असायचं.

त्यांच्या हाताचा पहिला प्रसाद मला मिळाला तो लग्नातच. माझं उपरणं आणि नवरीचा शेला यांची गाठ भटजी मारत होते. सासऱ्यांना ती फारच नाजूक वाटली. भटजींना बाजूला सारून त्यांनी बाही वर केली, एक पाय पाटाला टेकवला आणि गाठ आवळली. नारायणगडाला देवदर्शन करून येईपर्यंत ती तशीच राहायची होती, तिथवर ठीक. पण परत आल्यावर माझ्या बहिणीला ती सुटेना. नखं झाली, दात झाले, कुणीतरी पकड आणली. कात्री लावणं अपशकुनाचं. सासऱ्यांना विचारलं तर ते चक्क रागावले, "सोडायची व्हती तर बांधायला कावून लावली?" शेवटी मी उपरण्यातून बाहेर पडलो आणि बायको शेल्यातून. ती गाठ आमच्या ट्रंकेत आजही जशीच्या तशी आहे.

एरवी लोक त्यांना हसायचे, पण दुष्काळाच्या वर्षी हाच माणूस आपल्या धारूर गावात एकदम थोर ठरला. हातात पाना घेऊन सासरे गल्लीत फिरू लागले आणि एकाही नळाचा थेंब गळेनासा झाला. नळाला पाणी यायचं तेव्हाही तो उघडायला त्यांनाच बोलवावं लागे, ही गोष्ट वेगळी. एकदा गल्लीत टँकर रिकामा होता होता उरलेल्या पाण्याचा कॉक त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केला. पुढच्या वस्तीवर तो कुणाच्या बापाला उघडेना. ड्रायव्हर टँकर घेऊन परत त्यांच्या दारात उभा. "मामा, चला बसा. आता तुमीच फिरा माज्यासंगं." मग सासरे ड्रायव्हरशेजारी बसून वस्ती-वस्तीवर गेले, प्रत्येक ठिकाणी उतरून कॉक उघडला, बंद केला, आणि नवरदेवाच्या थाटात घरी आले.

या कीर्तीमुळेच गावातल्या सुतारांनी सहकारी संस्था काढली तेव्हा त्यांना चेअरमन केलं. सासऱ्यांना सुतारकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ज्याच्या हातून पाणी गळत नाही त्याच्या हातून संस्था काय गळणार, असा लोकांचा हिशेब. संस्थेची गरजही तशीच होती. शेतीच बंद पडल्यावर औतं-कुळव कोण करून घेणार? दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर सुतारांनाही बायकापोरं घेऊन कोयत्यावर जावं लागणार, अशी वेळ आली होती. तेवढ्यात अंबाजोगाईच्या एका शाळेनं बाकांचं काम देऊ केलं. दसऱ्याच्या आत नमुन्याचं बाक दाखवायचं, ते पसंत पडलं तर वर्षभराचं काम, आणि मग कुणीही गाव सोडायचं नाही. सगळं त्या एका बाकावर येऊन ठेपलं होतं.

त्यासाठी बाभळीच्या जाड फळ्यांचं कामाचं लांबलचक टेबल तयार झालं. टेबलाला रांगेत गोल छिद्रं पाडायची, त्यांत लाकडी खुंट्या बसवायच्या आणि रंधा मारताना फळी सरकू नये म्हणून ती खुंट्यांना टेकवायची. फळी लांब असली तर खुंट्या काढून पुढच्या छिद्रात, आखूड असली तर अलीकडच्या. छिद्रं पाडायचा मान चेअरमननी स्वतःकडे घेतला. खुंटी जेवढी, नेमकं तेवढंच छिद्र, केसभरही जास्त नाही. मग हातोडा घेऊन एकेक खुंटी ठोकली आणि मिशीवरून हात फिरवला.

लक्ष्मण मिस्त्री म्हणजे संस्थेतले सगळ्यांत जुने सुतार. त्यांनी पहिली फळी लावली, रंधली, आणि दुसरीसाठी खुंटी काढायला गेले. खुंटी निघेना. खालून ठोकली तर एक मोडली, दुसरी अशी उसळली की शेडच्या पत्र्याला आपटून थेट व्हाइस चेअरमनच्या चहात पडली.

"चेरमन, छिद्रं जरा मोठी करावी लागतेल," मिस्त्री म्हणाले.

"ढिली? माज्या संस्थेत?"

"आवो, आत्ता हवेत वल न्हाई तर ही गत. उद्या पाऊस आला की खुंट्या आनखी फुगतेल."

"येऊ तर दे पाऊस. मग बघू!"

दोन दिवस काम ठप्प. दसरा जवळ येत चाललेला. मिस्त्रींच्या घरी गाठोडी बांधायला काढली. सासरे मात्र टेबलापाशी खुर्ची टाकून पहारा देत बसले, न जाणो कुणी येऊन छिद्रं ढिली करून गेलं तर! शेवटी सासूबाई जेवणाचा डबा घेऊन शेडमध्ये आल्या. डबा अर्थात उघडत नव्हता. तो टेबलावर आपटून त्या म्हणाल्या, "अवं, चाक पंक्चर झालं म्हंजी नट सोडीत व्हता का न्हाई तुमी? का नवीन गाडीच मागीत व्हता?"

सासरे आ वासून बघत राहिले. सगळी नोकरी त्यांनी जेवढे नट आवळले तेवढेच सोडलेही होते, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. शेडमध्ये हशा पिकला, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा होता.

मग काय विचारता! मिस्त्रींनी एका बारीक दांड्याला चीर पाडून त्यात पॉलिश पेपरची पट्टी अडकवली, दांड्याभोवती गुंडाळली आणि छिद्रात कशी फिरवायची ते दाखवलं. सासऱ्यांनी दांडा हिसकावून घेतला आणि पहिलं छिद्र असं काही घासलं की खुंटी आरपार जाऊन त्यांच्याच पायाच्या अंगठ्यावर पडली. "बगा! गेली घाटाच्या खाली!" ते कळवळून ओरडले. आता ना घट्ट ना ढिलं असं माप कुणी ठरवायचं? सासऱ्यांच्या हाताला सगळंच ढिलं लागायचं. म्हणून त्यांनी सासूबाईंना टेबलापाशी बसवलं. "हिच्या दोन बोटांनी निघाली तर पास." ते घासत, भुसा फुंकत, खुंटी घालत, आणि सासूबाई ती उचलून बघत. जमली की मेणबत्ती चोळून पुढचं छिद्र. अख्खं शेड काम टाकून बघायला जमलं. खुंटी निघाली की पोरं शिट्ट्या मारत.

एका खुंटीला सासूबाई अडल्या. सासऱ्यांनी वाकून त्यांचा हात धरला आणि बोटांचे सुजलेले सांधे बघितले.

"आगं, बोटं अशी कवापासून झाली तुजी?"

"तुमच्या बरण्या उघडू उघडू," त्या हसत म्हणाल्या.

लोक हसले. सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी ते छिद्र पुन्हा घासायला घेतलं.

बाक वेळेत झालं आणि पसंत पडलं. त्या दसऱ्याला सोनं लुटायला सगळे सुतार गावात होते. मिस्त्रींनी गाठोडी सोडली. सासऱ्यांनी त्यांना सोनं देताना अशी मिठी मारली की ती सोडवायला दोघं लागले.

आता सासूबाई नाहीत. मागच्या महिन्यात मी धारूरला गेलो तेव्हा स्वयंपाकघरात बघतो तर साखरेच्या डब्याला मुंग्या. झाकण नुसतं वर ठेवलेलं. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या हातात आता जोर राहिला नाही. मी झाकण चांगलं दाबून बसवलं. सासरे काठी टेकत आले, डबा हातात घेतला, ते झाकण एका झटक्यात उघडलं आणि पुन्हा अलगद वर ठेवलं. जोर तर जसाच्या तसा होता.

"ऱ्हाऊ द्या, जावईबापू," ते म्हणाले, "तिला निघत न्हाई मग."

मी डब्याला पुन्हा हात लावला नाही. त्यांनी चहा केला, आम्ही ओसरीवर बसलो. कपात एक मुंगी तरंगत होती. ती बोटानं काढून मी चहा प्यायलो.