एकोणीस तारखेची खोली

आमच्या समोरच्या दारातले मुकादम पावाच्या कारखान्यात रात्रपाळी सांभाळतात. रोज सकाळी सातला ते जिना चढतात, तेव्हा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर मैदा असतो. बावीस वर्षं मी तो पाहते आहे. आमचे हे म्हणतात, तू मुद्दाम पाहायला उभी राहतेस. राहते, पण हातात कचऱ्याची बादली असते, म्हणजे निमित्त तरी असतं.

"काय भावोजी, आज गालांनाही पावडर?"

"वहिनी, तुम्हाला दुसरं काम नाही का हो?"

"आहे की. पण ते इतकं गमतीचं नाही."

मग ते हसतात आणि शनिवार असला तर पिशवीतून एक गरम पाव काढून माझ्या हातावर ठेवतात. त्या पावाच्या कागदावर तारखेचा शिक्का असतो आणि तो मारायचं काम गेली चोवीस वर्षं मुकादमांचं आहे. रात्री नऊला ते कामावर जातात ते शुक्रवारी, पण शिक्का मारतात शनिवारचा. पाव खाणारा शनिवारी खाणार, मग शुक्रवारची तारीख मारून कोण विकत घेईल? कारखान्याच्या हजेरीपटावरही तसंच. रात्र ज्या सकाळी संपते, त्या सकाळची ती रात्र.

हे त्यांच्या डोक्यात इतकं मुरलंय की त्यांची मुलगी सहा तारखेला रात्री साडेदहाला जन्मली, तर हे कामावरून तसेच दवाखान्यात आले आणि सगळ्यांना सात तारीख सांगून मोकळे झाले. शाळेच्या दाखल्यावर सात, आईच्या हिशोबी सहा. पोरीने दोन्ही दिवशी भेटवस्तू उकळल्या, म्हणून तिची कधी तक्रार नव्हती. आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच.

तीच मुलगी आता नोकरीला लागली आणि आईबापाच्या लग्नाच्या चोविसाव्या वाढदिवसाला तिने विमानाची तिकिटं पाठवली. समुद्रापारचं एक बेट. नारळाची झाडं, निळं पाणी, बाराही महिने उकाडा. तेराला संध्याकाळी पोचायचं, एकोणीसला सकाळी अकराच्या विमानाने परत. "हॉटेलचं तेवढं तुम्ही बघा, बाबा," असं ती म्हणाली, आणि इथेच घात झाला.

मुकादमांनी हॉटेलं चाळली ती मैदा चाळावा तशी. दोन महिने. सकाळी आले की झोपायच्या आधी फोन घेऊन बसायचे. दार उघडं असायचं, त्यामुळे मला चौकशी करायला जावंच लागायचं.

"नाश्त्यासकट खोली महाग पडते," ते सांगायचे. "दुसऱ्याने भाजलेल्या पावाचे मी पैसे देऊ?"

"देऊ नका. इथूनच न्या दोन डझन."

"आणि ते गार हवेचं यंत्र. भट्टीपुढे आयुष्य गेलं माझं, वहिनी. मला पंखा पुरे."

"तुम्हाला पुरे. यांना विचारलंत का?"

यांना म्हणजे त्यांच्या बायकोला. मी तिलाही वहिनीच म्हणते. ती कपड्यांच्या घड्या घालत असायची आणि एवढंच म्हणायची, "पंखा चालेल. माझं एकच मागणं आहे, ते यांना माहीत आहे."

ते मागणं मलाही माहीत होतं. चोवीस वर्षं ही बाई रात्री एकटी झोपली आहे. आठवड्याची सुट्टी असते त्या रात्रीही मुकादम जागेच, सवयीने. बायको झोपली की हे स्वयंपाकघरात डबे पुसत बसतात. एका खाटेवर, एका वेळी, दोघं झोपलीत असं त्या घरात क्वचितच झालं असेल. म्हणून वहिनींनी सांगितलं होतं, "सगळ्या रात्री कुठेही काढा. एकच रात्र मला अशी खोली हवी की खाटेवर पडल्या पडल्या समुद्र दिसेल. आणि तुम्ही बाजूला झोपलेले हवेत. जागे नाही, झोपलेले."

तर मुकादमांनी बेत आखला. गेल्या वर्षीच्या जादा पाळ्यांचे जेवढे पैसे, तेवढ्यातच सगळी हॉटेलं बसवायची. पाच रात्री गावातल्या आतल्या गल्लीत, पंख्याची खोली. उरलेली एक रात्र समुद्राकडची आणि ती शेवटची, म्हणजे गोड चव तोंडात राहील. त्या एका रात्रीचे पैसे गल्लीतल्या तीन रात्रींएवढे. तिथेही दोन भाव होते. एका भावात तारीख बदलता येत होती. दुसरा बराच स्वस्त, पण बदल नाही आणि पैसे परत नाहीत.

"आपण बदलणारच नाही," मुकादम म्हणाले, "मग बदलायच्या सोयीचे पैसे कशाला?"

मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते जिन्यात चार जणांना सांगितलं.

निघायच्या आदल्या आठवड्यात ते कागद घेऊन आमच्याकडे आले. विमानाची तिकिटं वर, हॉटेलांची दोन पानं खाली, कोपऱ्यात टाचणी. "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. एकदा नजर टाका."

मी नजर टाकली. आता खरं लिहिते. गल्लीतलं हॉटेल चौदा ते एकोणीस. समुद्राकडची खोली एकोणीस ते वीस. आणि परतीचं विमान एकोणीसला सकाळी. हे मी वाचलं. चौदाकडे माझं लक्ष गेलं नाही, पण शेवटचे दोन एकोणीस मी नीट पाहिले. मला वाटलं, वा! पैसा पैसा वाचवणाऱ्या माणसाने चक्क एक रात्र फुकट घालवली! परत आले की काय टोपी उडवता येईल! त्या रात्रीलाच वहिनींचा समुद्र बांधलेला आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. डोक्यात फक्त विनोद होता, ताजा, भट्टीतून नुकता काढलेला. तो मी परतीसाठी राखून ठेवला.

"सगळं झकास आहे, भावोजी," मी म्हटलं. "मधुचंद्र उशिरा का होईना!"

ते कानापर्यंत लाल झाले आणि कागद घेऊन गेले.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं, पण फार उशिरा.

तेराला संध्याकाळी ते गल्लीतल्या हॉटेलात पोचले. अरुंद दार, आत प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, काउंटरमागे वहिनींच्याच वयाची एक बाई. तिने वही पाहिली आणि म्हणाली, तुमची खोली उद्यापासून आहे, आज सगळ्या भरल्यात. मुकादमांचा पारा चढला. कारखान्यात वीस माणसं त्यांच्या आवाजाला दबून असतात. तोच आवाज त्यांनी तिथे लावला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हात आपटून: चौदाची रात्र, पैसे भरलेत, फसवता काय, गरीब माणसं दिसली म्हणून? बाकीचे पाहुणे बॅगा टाकून बघत उभे. त्या बाईने टेबलावरचं कॅलेंडर उचललं, त्यांच्याकडे फिरवलं आणि आजच्या तारखेवर बोट ठेवलं. तेरा. मग ते बोट एक घर पुढे गेलं. चौदा.

वहिनी म्हणाल्या, "यांचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं, बाईमाणसाशी किती भांडायचं म्हणून गप्प झाले. मला उलट बरं वाटलं."

त्या बाईने मग कामगारांच्या विश्रांतीची खोली उघडून दिली. दोन लोखंडी खाटा, कोपऱ्यात झाडू आणि फिनाईलचे डबे. पैसे घेतले नाहीत. आपल्या घरातली उशी आणून दिली. मुकादमांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

कारण तोवर त्यांना कळलं होतं: तेराची रात्र त्यांनी पावाच्या हिशोबाने चौदाची धरली होती. चौदा चुकली तर एकोणीसही चुकलीच. पहाटे उठून ते एकटेच समुद्राकडच्या हॉटेलात गेले आणि एक दिवस अलीकडे सरकवा म्हणून विनवलं. अठराला सगळं भरलेलं. पैसे परत नाहीत. ते तर त्यांनीच स्वस्तात पडतं म्हणून निवडलेलं. रोज सकाळी फिरायला जातो सांगून ते तिथे जायचे, कुणी खोली सोडली का विचारायला. पाच दिवस. आणि वहिनी रोज बोटं मोजायच्या. "अजून तीन रात्री, मग आपला समुद्र." "अजून दोन." रात्री हे जागेच. त्यांना वाटायचं, सवय आहे बिचाऱ्याची.

अठराला दुपारी वहिनींनी बॅग भरायला घेतली. नवा गाऊन सगळ्यात वर, लगेच सापडावा म्हणून. तेव्हा मुकादम खाटेच्या कडेवर बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "बॅग नको भरूस."

सगळं सांगितलं. चौदाचं, एकोणीसचं, रोजच्या फेऱ्यांचं. ती बाई खरी होती आणि मी तिला सगळ्यांसमोर चोर ठरवलं, हेही.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी वहिनींना विचारलं.

"काय म्हणणार? गाऊन खाली ठेवला. आणि यांना म्हटलं, आधी खाली जाऊन त्या बाईची माफी मागा. ते पाच दिवस राहिलंय."

मागितली म्हणे. तिने हसून उशी परत घेतली.

पण हे सगळं मला नंतर कळलं. एकोणीसला संध्याकाळी सहाला ती दोघं घरी आली, तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. माहीत होता तो फक्त माझा विनोद. साडेआठला मुकादम डबा घेऊन कामावर निघाले. वहिनी दारात. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई, आमचे हे आणि मी जिन्यात आधीच जमलेलो. नाही म्हटलं तरी मीच जमवलेले.

"काय वहिनी," शिक्षिकाबाईंनी विचारलं, "समुद्राकडची खोली कशी होती?"

"छान होती," वहिनी म्हणाल्या. "अगदी खाटेपाशी समुद्र."

मुकादम दोन पायऱ्या उतरून थांबले. पाठमोरे. मला ती पाठ दिसली, पण वाचता आली नाही.

"अहो, छान कशी असेल?" मी सुरू झाले. "खोली तर आज रात्रीची होती! एकोणीस ते वीस! भावोजी इथे डबा घेऊन उभे आणि खोली तिकडे यांची वाट बघतेय! समुद्राला बहाल केलीत की काय, भावोजी?"

शिक्षिकाबाई खदखदून हसल्या. आमचे हेही हसले. मी तर माझ्याच विनोदावर कठड्याला धरून हसत होते, तेव्हा मुकादम वळले.

"तुम्ही कागदावर वाचलं होतं, वहिनी?"

आवाज अगदी साधा होता. कारखान्यातला नाही.

"अहो, गंमत केली..."

"आधीच वाचलं होतं? मी दाखवला तेव्हा?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. नवऱ्याची लाज झाकायला त्या नुकतंच एक खोटं बोलल्या होत्या आणि मी ते भर जिन्यात उघडं पाडलं होतं, इतकं मात्र मला त्या चेहऱ्यावरून कळलं.

"बरं," मुकादम म्हणाले. "निघतो. उशीर होतोय."

ते उतरले. वहिनींनी दार लावलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्या शनिवारी पाव आला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. सकाळी सातला मी बादली घेऊन उभी राहिले नाही. आमच्या यांना कचरा टाकायला पाठवलं. ते म्हणाले, "आज नाकावरचा मैदा पाहायचा नाही का?" मी त्यांच्यावर खेकसले.

तिसऱ्या आठवड्यात मी वहिनींच्या दारात गेले. काय बोलायचं ते चार वेळा घोकून गेले होते, आणि चारही वेळा त्यात शेवटी एक विनोद येत होता. तो काढून टाकला तर फक्त "मी वाचलं होतं आणि सांगितलं नाही" एवढंच उरलं. तेवढंच म्हटलं. वहिनींनी आत बोलावलं, चहा ठेवला आणि वर लिहिलेलं सगळं सांगितलं. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "तुम्ही बोलला असतात, तर त्या बाईला शिव्या बसल्या नसत्या." स्वतःच्या समुद्राचं नावही काढलं नाही. आतल्या खोलीत मुकादम घोरत होते, भर दुपारी.

परवा सकाळी बेल वाजली. सात वाजलेले. दारात मुकादम, नाकावर मैदा. हातात एक कागद. बेट वगैरे नाही. इथून बसने चार तासांवर समुद्र आहे, तिथलं एक हॉटेल. पंख्याची नाही, गार हवेची खोली. एकच रात्र.

"पैसे अजून भरले नाहीत," ते म्हणाले. "तारीख बदलता येते तो भाव घेतोय. वहिनी, एकदा नजर टाका."

मला वाटलं होतं, हा माणूस पुन्हा माझ्या दारात कागद घेऊन यायचा नाही. मी त्यांना बसा म्हटलं. चष्मा शोधला. मग एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचलं, पहिलीतल्या पोरासारखं.

"येण्याची तारीख अकरा. जाण्याची बारा. म्हणजे अकराला, शनिवारी, संध्याकाळी तिथे पोचायचं. झोपायचं. बाराला सकाळी उठायचं."

"अकराची संध्याकाळ," ते पुटपुटले. "म्हणजे बाराच्या पावाची रात्र."

"हो."

"हसताय का?"

"नाही हो, भावोजी. पुन्हा एकदा वाचते."

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली. पिशवी उचलली, दारापर्यंत गेले, परत आले आणि टेबलावर एक पाव ठेवला. गरम होता. शनिवार नव्हता.

ते गेल्यावर मी त्याच्या कागदावरचा शिक्का पाहिला. तारीख बरोबर होती. पाव मात्र बराच वेळ मला कापवेना.