कौशल्याबाईंनी कापलेले फोन

दिल्ली कँटोन्मेंटच्या क्वार्टर्समध्ये फोनच्या बाबतीत कौशल्याबाईंचा दरारा होता. युनिटच्या बायकांच्या मीटिंगमध्ये साहेबांनी एकदा बजावलं होतं: अनोळखी नंबर उचलायचा नाही, कापायचा आणि ब्लॉक करायचा, फौजी घरातून कोण काय काढून घेईल सांगता येत नाही. बाकीच्या बायका समोसे खाऊन विसरल्या. कौशल्याबाई कराडच्या बी.ए.; त्यांनी ते मनावर घेतलं.

शेजारची स्वप्नाली चिडवायची, "काकू, यमाचा फोन आला तरी तुम्ही ब्लॉक कराल!"

"नंबर अनोळखी असला तर बिल्कुल करीन."

अशा सावध बाईची लेक देवयानी. नोकरी नोएडाच्या कंपनीत, पण भाड्याची खोली सोडून तिने एक जुनी व्हॅन घेतली आणि तीतच राहू लागली. आत गादी आणि शेगडी, छपरावर अँटेना, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम. डोंगरात कुठेतरी गाडी लावायची आणि लॅपटॉप उघडायचा. आईची अट एकच होती: मुक्कामाला पोचलीस की मेसेज कर, आणि लोकेशन चालू ठेव. नकाशावरच्या त्या निळ्या ठिपक्याकडे बघत कौशल्याबाई भाकऱ्या थापायच्या.

एका संध्याकाळी मेसेज आला नाही. ठिपका हिमाचलातल्या किन्नौरमध्ये, नदीकाठच्या एका वळणावर थांबला होता. फोन लावला की तेच: संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

"डोंगर आहे गं, नेटवर्क जाणारच," त्यांचे यजमान सुभेदार गुलाबराव म्हणाले. पण सकाळी टीव्हीवर त्याच बाजूला दरड कोसळल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनीही चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

कौशल्याबाईंनी नोएडाला जयेशला, तिच्या टीम लीडरला, फोन लावला.

"आंटी, वो मीटिंग कभी मिस नहीं करती. आज आई ही नहीं. मैं खुद आपसे पूछने वाला था."

बोटांनी नकाशा मोठा करकरून त्या ते वळण बघत राहिल्या. ठिपका रस्त्यावर आहे की पाण्यात, तेच कळेना.

"तुला दुसऱ्या कुणाचा फोन आला होता का?" गुलाबरावांनी विचारलं.

"नाही हो. ते फसवणारे असतात ना, त्यांचे तेवढे आले. एक रात्री, एक सकाळी."

"मग?"

"मग काय, कापले आणि..."



"कौशल्या, तिला कुणाचा नंबर पाठ आहे?"

"माझाच."

कौशल्याबाईंनी दोन्ही नंबर अनब्लॉक करून लावले. पहिल्यावर एक मुलगी क्रेडिट कार्ड विकत होती. दुसरा कितीतरी वेळ वाजत राहिला.

"हां जी, कौन?" पुरुषाचा आवाज. मागे पाण्याची घोंघों.

"मेरी लडकी..."

"आप देवयानी की माताजी? अरे, कल से मिला रहे हैं, आप काट देती हो! ढाबा है मेरा. रास्ता दोनों तरफ से बंद है. रुको, बुलाता हूँ."

पावलांचा आवाज. "बेटी! ओ बेटी!" उत्तर नाही. पुन्हा हाक, पुन्हा नुसती नदी. कौशल्याबाईंनी गुलाबरावांचं मनगट इतकं आवळलं, की नखं रुतली.

"आई? मी आहे. माझी दोन्ही सिम इथे मुकी झालीत, काकांचाच फोन लागतो. तू मला ब्लॉक केलंस?" देवयानी हसायला गेली आणि रडायला लागली.

"जेवलीस का?" एवढंच त्यांना सुचलं.

"हो. आई, वरून अजून दगड येतायत. आम्हाला पायी पलीकडे नेणार आहेत, व्हॅन इथेच राहील. पोचले की ज्याचा मिळेल त्याच्या फोनवरून करीन. उचल हं."

फोन मध्येच कट झाला. पुन्हा लावला, तो लागला नाही.

त्या दिवशी कौशल्याबाईंनी एकही फोन कापला नाही. कर्जवाले, लॉटरीवाले, वीज तोडतो म्हणून दरडावणारे, कुणीही असो, घंटा वाजली की त्या ओरडायच्या, "देवू?" मग घाईघाईने ठेवायच्या, लाइन मोकळी हवी म्हणून.

दिवस मावळला. गुलाबरावांनी ताट वाढून आणलं. "दोन घास खाऊन घे."

कौशल्याबाईंनी नकारार्थी मान हलवली. घास तोंडात असताना फोन आला, तर बोलता कसं येणार?