देशासाठी चालू ठेवलेला कॉम्प्युटर

उमरीच्या आमच्या घरातली मागची खोली मी ज्वारीच्या पोत्यांसाठी राखली होती. निवृत्तीनंतर ह्यांनी तिथं कॉम्प्युटर मांडला. हे नांदेडच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. क्रिप्टोकरन्सीचा नाद तिथूनच लागलेला. मला वाटलं, इतरांसारखे हेही भाव बघत बसणार. पण भावाचं नाव ह्यांनी कधी काढलं नाही.

"मग करता तरी काय त्याचं?" मी एकदा विचारलं.

"राखण करून राहिलो," हे म्हणाले. "या पैशाच्या देवघेवीची एकच वही हाय, अन् तिच्या प्रती जगभर हजारो घरांत. मालक कुणीच न्हाई. तशी एक प्रत आपल्याही घरी. उपग्रह सोडायला शिकलो ना आपण? ही विद्याही देशाच्या हातात पायजे. उद्या बाहेरच्यांनी दारं लावून घेतली, तर?"

"अन् याचे पैसे मिळतात?"

"न्हाई."

ती वही इंटरनेटवरून आमच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला तीन आठवडे लागले. वीज जायची, यायची. उन्हाळ्याच्या दुपारी मी त्या खोलीतल्या फरशीवर आडवी व्हायची. घरात तेवढीच जागा गार. कॉम्प्युटरची घरघर कानात घुमत राही, आणि डोळा लागता लागता वाटायचं, कुठल्या कुठल्या मुलखांतली माणसं हलक्या पावलांनी आपल्या घरातून चालली आहेत. चपला मात्र बाहेर काढून आली आहेत.

एक दिवस ह्यांनी हाक मारली. स्क्रीनवर जगाचा नकाशा होता. असे कॉम्प्युटर जिथं जिथं, तिथं ठिपके. उमरीवर काहीच नव्हतं. आमचा ठिपका हैदराबादवर पडला होता. इंटरनेट तिकडून येतं म्हणे.

"घ्या! अजून निजामाच्या राज्यातच हाव आपण," मी म्हणाले. हे इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पुढं लातूरच्या एका कॉलेजातून व्याख्यानाचं बोलावणं आलं. मीही सोबत गेले. हे तासभर बोलले. आपल्या पोरांनी आपल्याच देशात घडवलेली यंत्रणा, पंचवीस वर्षांनंतरचा देश. मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं होतं. मग प्रश्न सुरू झाले.

"सर, आत्ता कोणतं कॉइन घ्यावं?"

"सर, दुप्पट व्हायला किती दिवस लागतात?"

दुसरं कुणी काही विचारलंच नाही. "ते मला माहीत न्हाई," म्हणून हे खाली बसले.

परतीच्या एसटीत लोहा मागं पडलं. बाहेर सोयाबीनची रानं सरकत होती.

"चुकलं का गं माझं?"

असं ह्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "मला अर्धंच कळतं. पण तुमच्या कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला, तवा पोरं काय विचारायची?"

"नोकरी लागंल का, म्हणून."

"मग? शिकलीच ना ती?"

हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बिस्किटं हायत का पिशवीत?"

मागच्या हिवाळ्यात ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवडाभर स्क्रीनकडे बघायची मनाई. रोज सकाळी हे पडल्या पडल्या म्हणायचे, "वही कितव्या पानावर आली, बघ गं." मी आत जाऊन आकडा वाचायची. कालच्यापेक्षा तो शंभर-दीडशेनं पुढं गेलेला असायचा. हे डोळे मिटूनच हसायचे.

चौथ्या दिवशी ह्यांना जाग यायच्या आधीच मी आत जाऊन आकडा बघून आले.